घरातला धाक ओळखताना

मुंबईत वांद्र्याला महापालिकेचे भाभा रुग्णालय आहे. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात ऐकू येतात तीच उत्तरे तिथल्याही केसपेपरवर वर्षानुवर्षे उतरत होती. मोरीत पाय घसरला. जिन्यावरून पडले. कपाटाचे दार लागले. खोकल्याचे औषध समजून चुकून ढेकणांचे औषध प्यायले. डॉक्टर टाके घालत, विष काढत आणि पुढच्या पेशंटकडे वळत. त्यांना संशय येत नसे असे नाही. पण संशय हा काही आजार नव्हे आणि त्यावर चिठ्ठीत लिहून देण्यासारखे औषधही नव्हते.

२०००-०१ मध्ये ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था आणि महापालिका यांनी मिळून याच रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. रुग्णालयाच्या आत चालणारे अशा प्रकारचे हे देशातले पहिले केंद्र. त्यामागचा विचार सरळ होता. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी बाई दहा वेळा विचार करते. दवाखान्यात मात्र तिला कधी ना कधी यावेच लागते आणि आणावेही लागते. मग तिथेच तिला विचारणारे कोणी का असू नये? डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवण्यात आले, की सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला बाहेर थांबवा आणि मग बोला. जखम सांगितलेल्या कारणाशी जुळते का ते पाहा. घसरून पडणारा माणूस हात टेकतो, त्याचे तळहात खरचटतात. कोपरापासून मनगटापर्यंत बाहेरच्या बाजूने वळ असतील, तर बहुधा ते वार अडवताना उठलेले असतात. अंगदुखी, झोप न लागणे, पुन्हा पुन्हा गर्भपात, वर्षात दुसऱ्यांदा ‘चुकून’ घेतलेले विष, हे सगळे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले कागद एकत्र वाचायला डॉक्टर शिकू लागले.

घरगुती हिंसा लपलेली असते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. शेजाऱ्याला ती भिंतीपलीकडून ऐकू येते. शिक्षिकेला ती मुलाच्या वहीत सापडते आणि आईला लेकीच्या फोनवरच्या आवाजातून कळते. फक्त तिला हिंसा म्हणायचे कोणी धाडस करत नाही. तो जरा तापट आहे. नवी आहे, रुळेल. त्यांच्या घरची पद्धतच तशी. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. बाई का बोलत नाही, हे नंतर पाहू. ज्यांना कळलेले असते ते सगळे गप्प का बसतात, हे आधी विचारायला हवे.

जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुणीचा सासरी मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. मृत्यूचे कारण निघाले पोटॅशियम सायनाइड. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून सोडले. ही आत्महत्याही असू शकते आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळायला हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पुरी व्हायला हवी, याची पाच तत्त्वे त्या निकालात सांगितली आहेत. कायद्याचे विद्यार्थी तो आजही त्या ‘पंचशीला’साठी वाचतात.

तोच निकाल वेगळ्या नजरेनेही वाचण्यासारखा आहे. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे त्यात पुरावा म्हणून आली आहेत. नव्या घरातला एकटेपणा आणि कोंडमारा त्यांत आहे. बीडला माहेरी आली तेव्हा ती धास्तावलेली होती, असे माहेरच्यांनी साक्षीत सांगितले. खून सिद्ध होतो का, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले आणि ते कायद्याने अंतिम आहे. पण त्या चार महिन्यांत काहीतरी बिनसले आहे हे किती जणांना जाणवले होते आणि जाणवून पुढे काय झाले, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तो समाजापुढचा प्रश्न होता.

पुण्यातल्या बायकांनी तो चव्हाट्यावर आणला. मंजुश्री सारडा आणि अशाच बळी ठरलेल्या शैला लाटकर यांच्या मृत्यूंनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन ठिकठिकाणी नेले आणि बायकांना मन मोकळे करता यावे म्हणून ‘बोलते व्हा’ केंद्र सुरू केले. दिल्लीत आणि इतर शहरांतही हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होते. १९८३ च्या डिसेंबरात भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा त्यामुळे स्वतंत्र गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसते, पण ती पोलीस नसते, ही रचना पुढे राज्यभर पसरली. १९८८ मध्ये संगमनेरला टाकलेल्या स्त्रियांची परिषद भरली, तेव्हा घरातून हाकलून देणे हीदेखील हिंसाच आहे, ही गोष्ट जाहीरपणे मांडली गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४९८-अ मधला मजकूर तिच्या ८५ आणि ८६ या कलमांत गेला.

तरीही फौजदारी कायद्याची एक अडचण होती. बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसते. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावे, मुलांची शाळा सुटू नये, इतकेच त्यांचे मागणे असते. गुन्हा नोंदवला की त्याच रात्री घराबाहेर पडावे लागेल, या भीतीने तक्रार तोंडातच राहते.

हे ध्यानात घेऊन २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्याचे मूळ स्वरूप दिवाणी आहे. दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात, घरात राहण्याचा हक्क राखतात, खर्चाची रक्कम ठरवतात, मुलांचा तात्पुरता ताबा देतात. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. पण या कायद्याचे खरे महत्त्व त्याच्या तिसऱ्या कलमात, म्हणजे व्याख्येत आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा तिथे मांडली आहे. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून केलेला पाणउतारा त्यात स्पष्ट शब्दांत आहे. किराण्याला पैसे न देणे, घरभाडे थकवणे, स्त्रीधन परस्पर विकणे हेही आहे. ज्या गोष्टी आजवर ‘संसारात चालायच्याच’ म्हणून सोडून दिल्या जात, त्यांची सरकारी राजपत्रात छापलेली यादीच इथे मिळाली. प्रत्येक विवाह मंडळाने आणि वधू-वर मेळावा भरवणाऱ्याने हे एक कलम भिंतीवर लावावे. लावणार नाहीत, हा भाग वेगळा.

हा कायदा फक्त बायकोपुरता नाही, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसते. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नाशिवाय लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री, या सगळ्या त्यात येतात. मुंबईतल्या एका आई-मुलीची तक्रार तर मुलगा, सून आणि इतर मुलींविरुद्ध होती. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच कायद्यातून वगळले. त्यामुळे आता सुनेच्या छळाने गांजलेल्या सासूलाही दाद मागता येते. घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सुनेचा तिथे हक्क नाही, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या एका निकालाने मोकळी केली होती. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. सातबारा किंवा सोसायटीचा दाखला कोणाच्या नावावर आहे, एवढ्यावर आता बाईला रस्त्यावर काढता येत नाही.

मग हिंसा ओळखायची कशी? मारतो का, हा पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. मारझोड वर्षातून एकदाच झालेली असू शकते. उरलेले दिवस त्या एका दिवसाच्या आठवणीवर चालतात. त्यापेक्षा असे विचारावे की या घरात कोण कोणाला घाबरते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा धरला. मारहाणीच्या सुट्या घटना मोजत बसू नका. पैसा, वेळ, कपडे, मित्र, झोप या सगळ्यांवर बसवलेला ताबा पाहा, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने अशी जबरदस्तीची हुकमत हाच गुन्हा ठरवला, एकही ओरखडा उठलेला नसला तरी.

मराठी घरांत हा ताबा कसा दिसतो ते कोणाही समुपदेशकाला विचारावे. ती नोकरी करते, पण एटीएम कार्ड आणि पिन त्याच्याकडे असतो. माहेरचा फोन आला की तो स्पीकरवर टाकावा लागतो. ऑफिसातून निघायला वीस मिनिटे उशीर झाला की व्हिडिओ कॉल करून कुठे आहे ते दाखवावे लागते. भिशीला जायचे नाही, जुन्या मैत्रिणीच्या लग्नाला जायचे नाही, डॉक्टरकडे एकटीने जायचे नाही. परदेशात स्थळ मिळाले म्हणून पेढे वाटले गेलेले असतात आणि तिकडे तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद असतो. अशा दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून काम करते आहे, म्हणजे हा प्रश्नही नवा नाही. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. ‘काळजी करतो हो तो तिची’ असे सांगणाराही कोणी भेटतो. पण काळजी आणि ताबा वेगळे करणे फारसे अवघड नाही. तिने ‘नाही’ म्हटल्यावर काय होते, एवढेच पाहायचे.

काही खुणा मात्र वाट पाहण्याच्या नसतात. त्याने कधी गळा आवळला आहे का? अमेरिकेत परिचारिका आणि संशोधक असलेल्या जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात धोका मोजण्याची जी प्रश्नावली तयार केली, ती आजही अनेक देशांत वापरली जाते. गळा आवळणे ही पुढच्या खुनाच्या सर्वांत ठळक सूचनांपैकी एक आहे, हे त्यानंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसले. मानेवर वळ नसले म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण गळा दाबल्याच्या खुणा बऱ्याचदा बाहेरून दिसतच नाहीत. दुसरे असे, की बाई घर सोडायला निघते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. ‘एवढा त्रास होता तर निघून का नाही गेली?’ असे विचारणाऱ्यांना तिला ठाऊक असलेली ही गोष्ट ठाऊक नसते.

आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याच्या हातून हिंसा सोसल्याचे सांगितले. हे सांगितलेले आकडे आहेत, प्रत्यक्षातले नव्हेत. याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता: कोणत्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे? दिलेल्या सात कारणांपैकी निदान एक तरी ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना पटले. दोघांनाही सर्वाधिक पटलेले कारण म्हणजे सासरच्या माणसांचा अनादर. पुरुषांइतक्याच स्त्रिया हे मान्य करतात, यात आश्चर्य वाटायला नको. ज्या घरात त्या वाढल्या, तिथे त्यांनी हेच पाहिले.

मुलांचा विषय इथूनच सुरू होतो. आईबाप म्हणतात, मुले झोपलेली असतात, त्यांना काही कळत नाही. मुलांना कळते. किल्ली कुलपात फिरण्याच्या आवाजावरून बाप आज कसा आहे हे ती ओळखतात. दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहतात, धाकट्याला घेऊन गच्चीवर जातात. शाळेत याचे रूप अगदी उलट-सुलट असते. एक पोर बाकावर झोपते, दुसरे सगळ्यांशी मारामारी करते, तिसरे इतके शहाण्यासारखे वागते की शिक्षिका त्याचे कौतुक करतात. या तिसऱ्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारो प्रौढांच्या बालपणाविषयीच्या एका मोठ्या अभ्यासात ‘आईला होणारी मारहाण’ हा एक स्वतंत्र निकष धरला होता. बालपणात असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचाही धोका जास्त, असे त्यात दिसले. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या कायद्याने तर अशा घरातले मूल हे साक्षीदार नसून स्वतःच पीडित आहे, असे स्पष्ट केले. आपल्या पाहण्यांतही एक गोष्ट दर फेरीत वर येते. जिच्या वडिलांनी तिच्या आईला मारले, त्या मुलीला पुढे नवऱ्याकडून मार बसण्याचे प्रमाण इतर मुलींपेक्षा कितीतरी जास्त असते.

हे वाचून मुलगे बापासारखे होणारच, असा निष्कर्ष काढणारेही असतात. तसे काही नसते. आईचे हाल पाहून हात न उगारण्याची शपथ घेतलेले पुरुष गावोगाव आहेत, फक्त त्यांना बोलायला जागा नसते. मुंबईत १९९३ मध्ये पुरुषांनीच स्थापन केलेल्या ‘मावा’ या संस्थेने ही जागा करून दिली. तिचा ‘पुरुषस्पंदनं’ हा दिवाळी अंक फराळाबरोबर वाचण्यासारखा हलकाफुलका नसतो, पण वाचावा. नारी समता मंचानेही पुढे पुरुषांसाठी संवाद केंद्र काढले. राहिली दारू. राष्ट्रीय पाहणी सांगते, की नवरा वारंवार दारू पिऊन तर्र होतो अशा सुमारे ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली. पण नवरा दारूला शिवतही नाही अशांपैकीही २३ टक्के जणींनी ती सोसलेली आहे. दारू हिंसेला जोर देते, जन्म देत नाही. पिऊन घरी आलेला हाच माणूस वाटेत भेटलेल्या हवालदाराला किंवा साहेबाला मारत नाही, हे बायकांनी केव्हाच हेरलेले असते.

खोट्या तक्रारींचा मुद्दा टाळून हा विषय मांडता येत नाही. खोट्या तक्रारी होतात. वकिलाच्या सल्ल्याने सगळ्या सासरची नावे गोवली जातात, हेही खरे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये असे बजावले, ते याचमुळे. तो आदेश योग्यच आहे. पण चर्चेचा तोल कुठे जातो तेही पाहायला हवे. त्याच राष्ट्रीय पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या निघाल्या १४ टक्के. त्यांतल्याही बहुतेकींनी पोलिसांकडे न जाता माहेर गाठले.

म्हणजे देशातले सर्वांत मोठे तक्रार निवारण केंद्र आजही आईचे स्वयंपाकघर आहे. तिथे काय ऐकवले जाते यावर पुष्कळ काही ठरते. ‘दोन दिवस राहा आणि जा’, ‘धाकटीचं लग्न व्हायचंय अजून’, ‘आम्ही काय कमी सोसलं?’ हे बोलणारी आई दुष्ट नसते. तिच्याकडे लेकीला ठेवायला खोली नसते, भावकीला द्यायला उत्तर नसते आणि कायद्याने लेकीला काय मिळू शकते याची माहिती नसते. पहिल्या दोन गोष्टी बदलायला वेळ लागेल. तिसरी आज बदलता येते. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. २००५ च्या कायद्याखाली अधिसूचित केलेले रुग्णालय तिला उपचार नाकारू शकत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, मुलांसाठी १०९८ आहे.

ज्याला असे काही जाणवले आहे त्याने प्रथम तिला एकटीला गाठावे आणि साधे विचारावे. घरी सगळे ठीक आहे ना, मला काळजी वाटते. ती ‘हो’ म्हणेल. काही दिवसांनी पुन्हा विचारावे. ‘सोडून दे त्याला’ असे पहिल्याच दिवशी सांगू नये, कारण परत त्याच घरात तिलाच जायचे असते. तिच्याऐवजी नवऱ्याला समजावायला जाऊ नये. तिची कागदपत्रे, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती ठेवायला आपल्या घरात जागा आहे, एवढे सांगितले तरी पुष्कळ होते.

आणि एक तरतूद शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी, सोसायटीच्या वॉचमननेही लक्षात ठेवावी. २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अशी हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. त्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही. सद्‌हेतूने दिलेल्या अशा माहितीबद्दल कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कोणतीही जबाबदारी येत नाही.